सवलत मिळते, बचत होत नाही

खास प्रतिनिधी

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास ठाण्यातील वा पुण्यातील कोणत्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या हॉटेलच्या दारात उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. टेबल रिकामे होण्याची वाट पाहणारी कुटुंबे, वहीत नावे लिहून घेणारा कर्मचारी आणि कोणत्या बँकेच्या कार्डावर किती टक्के सूट आहे, याचा मोबाइलवर शोध घेणारा कुटुंबप्रमुख. तासाभराने तेच कुटुंब जेवून उठते. बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येते. सर्वांत खालचा आकडा पाहिला जातो, मोबाइलवरून पैसे दिले जातात आणि बिल तिथेच टेबलावर राहते. सूट शोधण्यात दहा मिनिटे गेलेली असतात, पण बिल वाचायला कोणाला दहा सेकंदही नसतात.

बाहेर खाणे ही आता चैन राहिलेली नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२३-२४ मधील कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता. त्यातील सुमारे ११ टक्के रक्कम पेये, फराळाचे जिन्नस आणि तयार अन्न यांवर खर्च होत होती. खाद्यपदार्थांच्या सर्व गटांत हा वाटा सर्वांत मोठा आहे. दुधावरील किंवा भाजीपाल्यावरील खर्चाहूनही मोठा. चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम महिन्याला तीन हजार रुपयांच्या घरात जाते. ही सरासरी देशभरातील लहान-मोठ्या सर्व शहरांची आहे. मुंबई-पुण्यातील नोकरदार घरांचा आकडा त्याहून बराच मोठा असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

घरखर्चातील एवढ्या मोठ्या बाबीवर बचत कशी करावी, असा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते: कूपन वापरा, कार्ड वापरा, ॲपवरून टेबल राखून ठेवा. प्रत्यक्षात हॉटेलच्या बिलात वाचू शकणारा पैसा बहुधा सवलतीत नसून बिलाच्या मधल्या दोन-तीन ओळींत असतो. त्या ओळींबाबत गेल्या काही वर्षांत कायदा आणि न्यायालये यांनी बरेच काही स्पष्ट केले आहे. ते ग्राहकांपर्यंत पोहोचलेले मात्र दिसत नाही.

एका बिलाचा हिशेब

उदाहरणादाखल चौघांच्या जेवणाचे एक साधे बिल घेऊ. पदार्थांचे १,४८० रुपये आणि पाण्याच्या दोन बाटल्यांचे १२० रुपये, असे १,६०० रुपये झाले. त्यावर १० टक्के सेवा शुल्क, म्हणजे १६० रुपये. या १,७६० रुपयांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ८८ रुपये. एकूण बिल १,८४८ रुपये.

आता याच जेवणाचा दुसरा हिशेब पाहू. टेबलावर हॉटेलचे साधे गाळलेले पाणी आले आणि सेवा शुल्क लावले गेले नाही. पदार्थांचे १,४८०, त्यावर कर ७४ रुपये, एकूण १,५५४ रुपये. दोन्ही बिलांतील फरक २९४ रुपयांचा आहे. पदार्थ तेच, ताट तेच, हॉटेलही तेच. महिन्यातून दोनदा बाहेर जेवणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक वर्षाला ७,०५६ रुपये होतो. या बचतीसाठी कोणतेही कार्ड लागत नाही. दोन वेळा तोंड उघडावे लागते, एकदा पाणी मागवताना आणि एकदा बिल आल्यावर.

यात आणखी एक बारकावा आहे. सेवा शुल्क हा कर नाही. ते सरकारजमा होत नाही, हॉटेलकडेच राहते. मात्र बिलात ते कराच्या ओळींना चिकटून, तशाच टक्केवारीच्या रूपात छापलेले असते. त्यामुळे तोही सरकारी करच असावा, अशी अनेकांची समजूत होते. शिवाय कर त्याच्यासह होणाऱ्या रकमेवर लागत असल्याने, जे देणे बंधनकारकच नाही त्यावरही ग्राहक कर भरतो.

सेवा शुल्क: ऐच्छिक की सक्तीचे?

या प्रश्नावर वाद जुना आहे. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०१७ मध्येच काढल्या होत्या. त्यांचा फारसा परिणाम झाला नाही. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने ४ जुलै २०२२ रोजी अधिक नेमक्या सूचना जारी केल्या. बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये. दुसऱ्या कोणत्याही नावाने ते वसूल करू नये. ते देण्याची सक्ती करू नये. ते न देणाऱ्या ग्राहकाला प्रवेश वा सेवा नाकारू नये. आणि खाद्यपदार्थांच्या बिलात मिळवून त्या एकूण रकमेवर कर लावू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते.

हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना या सूचनांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि जुलै २०२२ मध्येच सूचनांना अंतरिम स्थगिती मिळाली. अंतिम निकाल यायला २८ मार्च २०२५ उजाडले. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी प्राधिकरणाच्या सूचना वैध ठरविल्या, सक्तीने सेवा शुल्क आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे म्हटले आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च भरण्याचा आदेश दिला. ग्राहकाला आपल्या इच्छेने टीप द्यायची असल्यास त्याला आडकाठी नाही. प्रश्न केवळ बिलात आधीच छापून वसूल करण्याचा आहे, ही निकालातील मुख्य भूमिका होती.

संघटनांनी या निकालाविरुद्ध खंडपीठाकडे अपील केले. ऑगस्ट २०२५ मधील सुनावणीत खंडपीठाने हॉटेलचालकांना विचारलेला प्रश्न सामान्य ग्राहकाच्या मनातलाच होता. छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने पाण्याची बाटली विकताना तुम्ही जागेच्या आणि वातावरणाच्या सुखसोयींचे पैसे घेताच. मग सेवेसाठी पुन्हा वेगळे शुल्क कशाचे, अशा आशयाची ती विचारणा होती.

ग्राहकाच्या दृष्टीने व्यवहार सोपा आहे. बिलात सेवा शुल्क दिसले, तर ते काढून नवे बिल द्यावे, असे व्यवस्थापकाला शांतपणे सांगावे. बरीच हॉटेले वाद न घालता ते काढतात, कारण त्यांनाही नियम ठाऊक असतो. ‘आमच्या मेनूकार्डावर तसे छापले आहे’, हे उत्तर मिळाले तरी त्याने सक्ती वैध होत नाही. नकारच मिळाला, तर बिल जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ई-जागृती या संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीसाठी तेथे शुल्क आकारले जात नाही.

मिनरल की साधे?

सेवा शुल्कापाठोपाठ बिल फुगवणारी दुसरी ओळ पाण्याची. टेबलावर बसताच वेटरचा पहिला प्रश्न येतो: ‘मिनरल की साधे?’ प्रश्न विचारण्याची ढबच अशी असते, की शेजारच्या टेबलांदेखत ‘साधे’ म्हणताना माणूस चाचरतो. पाहुणे सोबत असतील तर विचारायलाच नको. अनेक ठिकाणी तर प्रश्नही विचारला जात नाही. झाकण उघडलेली बाटली थेट टेबलावर येते.

बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात का, यावर ग्राहकांमध्ये मोठा गैरसमज आहे. किराणा दुकानात वा रेल्वे फलाटावर ते बेकायदा आहे. हॉटेलात मात्र तसे नाही. हॉटेलातील विक्री ही केवळ वस्तूची विक्री नसून तीत बसण्याची जागा, वाढप आणि इतर सोयी यांचाही समावेश असतो. त्यामुळे तेथे छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी केल्यास वजनमापविषयक कायद्याखाली कारवाई होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. म्हणजे वीस रुपयांच्या बाटलीचे साठ रुपये लावल्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. ती बाटली नको, असे सांगणे हाच मार्ग आहे.

या दरातील तफावत किती आहे, हे समजण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. रेल्वेने २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली १५ ऐवजी १४ रुपयांना देण्यास सुरुवात केली. त्या किमतीत पाणी, बाटली, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा हे सारे आले. हॉटेलात त्याच पाण्याला तिप्पट-चौपट मोजले जाते, तेव्हा बहुतेक पैसा जागेचा असतो आणि तीच जागा ग्राहकाने मागवलेल्या प्रत्येक भाजीच्या दरातही मोजलेली असते.

साधे पाणी मागणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार खाद्यगृहाने पिण्यायोग्य पाणीच वापरणे बंधनकारक आहे. ज्या पाण्यात वरण शिजते आणि ज्याने ताट धुतले जाते, ते पिण्यायोग्य नसेल, तर प्रश्न पाण्याच्या बाटलीने सुटत नाही. अशा ठिकाणी जेवूच नये.

दिसणारा कर आणि न दिसणारा

करासंबंधीचा गोंधळ तर विचारूच नये. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हा बिगरवातानुकूलित हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के कर होता. त्यावर टीका झाल्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीत झालेल्या कर परिषदेच्या बैठकीत निर्णय झाला आणि १५ नोव्हेंबरपासून बहुतेक हॉटेलांसाठी कर सरसकट ५ टक्के झाला. पंखा असो वा एसी, दर एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये कराच्या टप्प्यांची मोठी फेररचना झाली, तेव्हाही हा दर बदलला नाही.

अपवाद बड्या हॉटेलांचा आहे. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाते, तेथील उपाहारगृहात १८ टक्के कर लागतो. एप्रिल २०२५ पासून त्यासाठी मागील आर्थिक वर्षात प्रत्यक्ष आकारलेले भाडे पाहिले जाते. पंचतारांकित हॉटेलच्या दालनात केवळ एक कॉफी प्यायली, तरी तिच्यावर १८ टक्के कर येतो तो यामुळे.

दुसरा अपवाद लहान हॉटेलांचा आहे आणि तो ग्राहकाच्या अधिक उपयोगाचा आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेले आणि मद्यविक्री न करणारे हॉटेल ‘कंपोझिशन’ योजना स्वीकारू शकते. असा व्यावसायिक उलाढालीवर स्वतःच्या खिशातून कर भरतो. ग्राहकाकडून वेगळा कर घेण्याचा त्याला अधिकार नाही. आपण कर वसूल करण्यास पात्र नाही, हे त्याने बिलावर छापणेही आवश्यक आहे. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्राने बिलात ५ टक्के कर लावला असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक पाहावा. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणी असल्यास त्याची सुरुवात २७ ने होते. कर विभागाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला, की व्यावसायिक साधा करदाता आहे की कंपोझिशनमधला, हे मिनिटभरात कळते. क्रमांक नसलेल्या बिलावर कर लावलेला असेल, तर तो कर नव्हे.

मद्य मात्र या कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. म्हणूनच परमिट रूममधील बिलात जेवण आणि मद्य यांचा हिशेब वेगळा दाखवलेला असावा लागतो. मद्याच्या रकमेवर वस्तू व सेवा कर लावलेला दिसला, तर चूक दाखवून देण्यास ग्राहकाने संकोच करू नये.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाच टक्के हा दिसणारा कर झाला. या दराने कर आकारणाऱ्या हॉटेलांना आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. जागेच्या भाड्यावर १८ टक्के, व्यावसायिक गॅस सिलिंडरवर १८ टक्के. हा सारा भार मालक पदार्थांच्या दरात मिळवतो. २०१७ मध्ये कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी अनेक ठिकाणी बिलाची एकूण रक्कम फारशी उतरली नाही, कारण पदार्थांचे मूळ दर वाढले. त्याविषयीच्या तक्रारी नफेखोरीविरोधी प्राधिकरणापर्यंत गेल्या होत्या. कर कमी झाला म्हणजे ताट स्वस्त झाले, हे समीकरण त्यामुळेच खरे ठरत नाही.

सवलतीचा खर्च कोण उचलतो?

आता वळू ग्राहकाच्या आवडत्या मुद्द्याकडे, म्हणजे सवलतीकडे. सवलत खोटी असते असे नाही. तिची अट मात्र वाचावी लागते. समजा, ‘किमान १,५०० रुपयांच्या बिलावर २० टक्के, कमाल २०० रुपये’ अशी योजना आहे. कुटुंबाचे बिल ११०० रुपयांवर थांबणार होते. सूट हुकू नये म्हणून आणखी एक स्टार्टर आणि दोन आइस्क्रीम मागवली जातात. बिल १,५०० झाले, २०० सुटले, हातून १,३०० गेले. दोनशे वाचवल्याचे समाधान घेऊन कुटुंब दोनशे रुपये जास्त खर्चून घरी जाते. शिवाय २० टक्क्यांच्या जाहिरातीतून प्रत्यक्षात मिळालेली सूट १३ टक्क्यांच्या आसपासच असते.

या सवलतींचा भार शेवटी कोणावर पडतो, याचाही अनुभव या व्यवसायाला आला आहे. झोमॅटोने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘गोल्ड’ ही योजना भारतात आणली. वर्गणी भरणाऱ्याला एका पदार्थावर दुसरा पदार्थ फुकट, असे तिचे स्वरूप होते. ग्राहक खूश होता. फुकट पदार्थाची किंमत हॉटेलमालक मोजत होता. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक शहरांतील शेकडो हॉटेलांनी ‘लॉगआउट’ मोहीम पुकारून अशा सवलत योजनांतून अंग काढून घेतले. आता अशा योजनांची नावे आणि अटी बदलल्या आहेत, गणित बदललेले नाही. सतत सूट द्यावी लागली, की मेनूकार्डावरचा दर आधीच वाढवून ठेवला जातो. मग सूट घेणाऱ्याला मूळचाच दर पडतो आणि न घेणाऱ्याला वाढीव.

घरपोच मागवलेल्या जेवणातही हेच घडते. ॲपला द्यावे लागणारे कमिशन भरून काढण्यासाठी अनेक हॉटेले ॲपवर चढे दर ठेवतात. त्यावर आवेष्टनाचा खर्च, पोहोचवण्याचे शुल्क आणि ॲपचे व्यासपीठ शुल्क. हे शेवटचे शुल्क २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू झाले आणि दोन वर्षांत दहा रुपयांच्या पुढे गेले. जेवणावरील ५ टक्के कर १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलऐवजी ॲप कंपनी भरते आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पोहोचवण्याच्या शुल्कावरही १८ टक्के कर लागू झाला आहे. हॉटेल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर दूरध्वनीवरून मागणी नोंदवून स्वतः पार्सल आणणे, हा जुना मार्ग आजही सर्वांत स्वस्त ठरतो. त्यात हॉटेलमालकाचेही कमिशन वाचते.

ताटाचे अर्थशास्त्र

बचतीचा सर्वांत मोठा भाग मात्र कोणत्या कायद्यात नाही. तो काय मागवले जाते, यात आहे. महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाला परवडेल असे बाहेरचे जेवण शंभर वर्षांहून अधिक काळ मिळत आले आहे. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे, माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. अशा ठिकाणांनी स्वस्ताई सवलतीतून साधली नाही. मोजके पदार्थ, तेच रोज ताजे, मोठ्या प्रमाणात रांधलेले, आणि जेवून उठलेल्याची जागा लगेच दुसऱ्याला. ज्या टेबलावर रात्रीतून पाच पंगती उठतात, त्याचे भाडे पाचांत विभागले जाते. जिथे एकच कुटुंब दोन तास बसते, तिथे ते एकट्याला भरावे लागते.

राइस प्लेट वा थाळी मेनूकार्डावरील इतर पदार्थांपेक्षा स्वस्त पडते, त्याचे कारण हेच. चौघांनी तीन भाज्या, एक डाळ, एक पुलाव आणि रोट्या सुट्या मागवल्या, तर प्रत्येक पदार्थ वेगळा रांधावा लागतो आणि त्यातील एक-दोन हमखास उरतात. सरकारी हिशेबही इथे उद्बोधक आहे. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असलेल्या या ताटाचा शहरी भागातील खर्च ५० रुपये धरला होता. उरलेले ४० रुपये अनुदान होते. त्यानंतर महागाई वाढली आणि हॉटेलचा थाट वेगळा, हे मान्य केले, तरी मूळ अन्नाची किंमत आणि मेनूकार्डावरची किंमत यांतील अंतर त्यावरून लक्षात येते.

प्रमाणाचा प्रश्नही तसाच आहे. एका ‘फुल’ भाजीत किती जणांचे भागते, हे मेनूकार्डावर क्वचितच लिहिलेले असते. एप्रिल २०१७ मध्ये तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांतील पदार्थांचे प्रमाण निश्चित असावे, अशी कल्पना मांडली होती. ‘आता सरकार ताटातले घासही मोजणार काय’, असा सूर उमटला आणि विषय मागे पडला. सक्ती नको असेल, तर निदान माहिती हवी, ही मागणी मात्र आजही रास्त आहे. तोवर दोन पदार्थ मागवावेत, ते आल्यावर तिसऱ्याचा विचार करावा; आणि उरले तर बांधून मागावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण पैसे पूर्ण पदार्थाचे दिलेले असतात.

वेटरच्या हातात काय पडते?

या साऱ्या बचतीच्या हिशेबात एका माणसाचा विसर पडता कामा नये, तो म्हणजे वाढणारा. सेवा शुल्काच्या बाजूने हॉटेलचालकांचा मुख्य युक्तिवाद त्याच्याच नावाने होता. ही रक्कम सर्व कर्मचाऱ्यांत वाटली जाते, स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्यालाही त्यातून वाटा मिळतो. टीप मात्र केवळ वेटरच्या खिशात जाते, असे ते म्हणत. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. मात्र बिलातून वसूल झालेली रक्कम खरोखर किती आणि कोणाला वाटली, हे तपासण्याचा मार्ग ग्राहकाकडे नसतो. कर्मचाऱ्याला पुरेसे वेतन देणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी दर वाढवायचे असतील, तर ते मेनूकार्डावर उघडपणे वाढवावेत. ग्राहक ते पाहून आत येईल किंवा येणार नाही.

तरीही एक बदल घडला आहे, तो अस्वस्थ करणारा आहे. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय जडल्यापासून खिशात सुट्या नोटा नसतात. पूर्वी बिलाच्या बशीत उरलेले वीस-तीस रुपये राहत. आता यंत्रावर नेमका आकडा जातो आणि बशी रिकामीच परत जाते. सेवा शुल्क काढून घ्यायचे आणि टीपही द्यायची नाही, असे झाले, तर ग्राहकाच्या बचतीची किंमत रात्री बारापर्यंत उभा राहणारा मुलगा मोजतो. बिलातून १६० रुपये वाचवणाऱ्याने त्यातील पन्नास रुपये त्याच्या हातात ठेवले, तरी वाचवलेल्यातील शंभरहून अधिक रुपये ग्राहकाकडेच उरतात. ते पैसे कोठे गेले, हेही त्याला डोळ्यांनी दिसते. त्यासाठी घरातून निघताना दोन-चार नोटा खिशात टाकाव्या लागतील, इतकेच.

भिडेची किंमत

एवढी माहिती उपलब्ध असूनही बिल का वाचले जात नाही? कारण हॉटेलातले टेबल ही चारचौघांतली जागा आहे. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस हॉटेलात दीडशे रुपयांबद्दल बोलत नाही. पत्नी-मुले समोर असतात, कधी साहेब किंवा व्याही असतात. बिल निरखून पाहणे हे हलकेपणाचे लक्षण मानले जाते. पाण्याची बाटली न विचारता उघडली जाते आणि शुल्क कराच्या ओळींत छापले जाते, ते या भिडेच्या भरवशावर.

ही भीड मोडण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. बसतानाच ‘साधे पाणी द्या’ म्हणावे. मागवण्यापूर्वी एका पदार्थात किती जणांचे होईल, ते विचारावे. बिल आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात: मागवलेलेच पदार्थ आहेत का, सेवा शुल्क लावले आहे का, कराचा दर किती आणि नोंदणी क्रमांक आहे का. सवलत त्यानंतर. याला दोन मिनिटे लागतात आणि ती मुलांसमोर घालवण्यात कमीपणा नाही. घरातल्या पैशांचा हिशेब कसा ठेवतात, हे मुलांना शाळेत क्वचितच शिकवले जाते. ते शिकण्याची एक संधी दर महिन्याला हॉटेलच्या टेबलावर येते आणि बहुतेक वेळा न वाचताच परत जाते.